इन्फ्रारेड सॉनात किडनी धुऊन निघत नाही

आमच्या आजोळच्या ग्रुपवर मध्यंतरी अल्कलाइन पाण्याची लाट होती, ती ओसरली आणि आता इन्फ्रारेड सॉना आलाय, म्हणजे तापलेल्या केबिनमध्ये बसून घाम काढायचा. एरवी मी अशा मेसेजना उत्तर देत बसत नाही, कोण वाद घालणार. पण या वेळी मामाने तो नुसता वाचला नाही, जवळच्या एका वेलनेस सेंटरचं पॅकेजच घेतलं, आणि मग मामीचा फोन, "अगं, सॉनाच्या दिवशी बीपीची आणि लघवीची गोळी घ्यायची नाही असं लिहिलंय, मग इन्सुलिनचं काय करायचं?" मामाचा डायबेटिस जुना, क्रिएटिनिन (किडनी नीट गाळत नसली की रक्तात साठणारा कचरा) वाढलेलं, तळपायांना बधिरपणा. डोकंच फिरलं माझं. म्हणून हे लिहितेय, आणि ग्रुपवर पण टाकणार आहे, कोणाला राग आला तर येऊ दे.

मेसेजमधले इमोजी आणि उद्गारचिन्हं काढून टाकली तर उरतं ते असं. इन्फ्रारेड किरणं चामडीतून दीड इंच आत जातात आणि शरीर आतून गरम करतात. साध्या घामात 3 टक्के विषारी द्रव्यं असतात पण इन्फ्रारेडच्या घामात 20 टक्के. त्वचा म्हणजे तिसरी किडनी, तिला कामाला लावलं की खऱ्या किडन्यांना आराम मिळतो आणि क्रिएटिनिन उतरतं. अर्ध्या तासात 600 कॅलरी जळतात. 42 डिग्रीला कॅन्सरच्या पेशी मरतात. फिनलंड-जपानने सिद्ध केलंय, आपल्या ऋषींना तर स्वेदन (घाम काढायचा आयुर्वेदिक उपचार) म्हणून हजारो वर्षांपूर्वीच माहीत होतं. साइड इफेक्ट शून्य. फक्त त्या दिवशी गोळ्या बंद ठेवा नाहीतर "डिटॉक्सला अडथळा" येतो.

किडनीचं आधी घेते, कारण बाकीच्या मुद्द्यांत पैसे जातील, इथे माणूस जाईल.

आपल्या दोन किडन्या मिळून दिवसाला साधारण 150 ते 180 लिटर द्रव गाळतात, त्यातलं बहुतेक सगळं परत रक्तात घेतात, आणि दीड-दोन लिटर लघवी बाहेर टाकतात. काय ठेवायचं काय टाकायचं हा सगळा हिशोब तिथे होतो. घामाच्या ग्रंथी यातलं काहीही करत नाहीत, त्यांचं काम अंग थंड करणं. पाणी आणि मीठ बाहेर सोडायचं, ते वाळलं की त्वचा गार होते, बस. घामात थोडा युरिया असतो, हे मला मान्य करावं लागेल. किडनी पूर्ण बसलेल्या आणि डायलिसिस न मिळालेल्या पेशंटच्या रक्तात युरिया इतका चढतो की घाम वाळल्यावर त्वचेवर पांढरी पूड दिसते. पण ती दिसली की डॉक्टर "वा, डिटॉक्स झालं" म्हणत नाहीत, धावपळ करतात. आणि क्रिएटिनिन, ज्याच्या आकड्यावरून मामाचा जीव वरखाली होतो, ते घामात जवळजवळ नसल्यासारखंच.

उलट होतं काय ते बघा. घाम गेला की शरीरातलं पाणी कमी होतं, गरमीने त्वचेच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, बीपी उतरतं, आणि किडनीला मिळणारं रक्त घटतं. म्हणजे आराम नाही, उपासमार. मग क्रिएटिनिन चढतं. मध्य अमेरिकेत, एल साल्वाडोर आणि निकाराग्वाच्या किनारी भागात, ऊस तोडणाऱ्या तरण्याताठ्या माणसांच्या किडन्या निकामी होतायत, ना डायबेटिस ना बीपी, आणि तिथले मुख्य संशयित म्हणजे रोजचं ऊन, अंगमेहनत आणि अंगातलं पाणी आटणं. ती माणसं दिवसभर घाम गाळतात. तिसरी किडनी असती तर सगळ्यात ठणठणीत तीच असायला हवी होती ना?

आता गोळ्या बंद ठेवायचं. हे वाचून मला पाठवणाऱ्याला शोधून काढावंसं वाटलं. बीपीची गोळी मनाने बंद केली की बीपी उसळू शकतं हे एक. चालू ठेवून सॉनात बसलात तरी सुटका नाही, कारण टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी, वर लघवीची गोळी, आणि वर लिटरभर घाम हे एकत्र आलं की दुखरी किडनी अजून दुखावते, शिवाय उठून उभं राहताना चक्कर येऊन पडायची भीती. म्हणजे प्रश्न "गोळी घेऊ का नको" हा नाहीच, अशा माणसाने आत बसायचं का हा आहे आणि तो नेफ्रॉलॉजिस्टला, म्हणजे किडनीच्या डॉक्टरला, विचारायचा असतो, रिसेप्शनवरच्या मुलीला नाही. मामीच्या इन्सुलिनच्या प्रश्नाचं तर मेसेजमध्ये नावच नाही. गरमीने त्वचेखालचं रक्त वाढतं आणि टोचलेलं इन्सुलिन नेहमीपेक्षा लवकर रक्तात उतरतं, शुगर धाडकन खाली येऊ शकते. शुगर उतरल्याची लक्षणं कोणती? घाम, धडधड, चक्कर. सॉनात बसलेल्या धडधाकट माणसाला काय होतं? घाम, धडधड, आणि जास्त वेळ बसला तर चक्कर. ओळखणार कसं, आणि कोण? त्यात तळपाय बधिर, म्हणजे हीटरला पाय टेकून भाजला तरी कळणार नाही, आणि डायबेटिसवाल्याच्या पायाची जखम म्हणजे काय हे आमच्या घरात सगळ्यांना माहितीये.

"साइड इफेक्ट शून्य" म्हणे.

20 टक्केवाला मुद्दा माझा सगळ्यात लाडका आहे. समुद्राच्या पाण्यात साधारण साडेतीन टक्के मीठ असतं. 20 टक्के म्हणजे लिटरभर घामात 200 ग्रॅम विष. समुद्रापेक्षा पाच-सहापट दाट घाम! टॉवेल वाळल्यावर आपोआप उभा राहील की. खऱ्या घामात 99 टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, उरलेल्यात मुख्यतः मीठ, थोडं पोटॅशियम, लॅक्टेट, युरिया. गरमी हीटरची असो, उन्हाची असो की जिन्याचे चार मजले चढल्याची, ग्रंथी त्याच, घाम तोच. कॅनडातल्या ओटावा विद्यापीठाच्या पास्काल इम्बो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 मध्ये कीटकनाशकांसारख्या शरीरात टिकून राहणाऱ्या प्रदूषकांचा हिशोब मांडला होता, दिवसभराच्या खाण्यातून जेवढं आत जातं त्याच्या 0.02 टक्के घामातून बाहेर पडतं. ही द्रव्यं चरबीत विरघळतात आणि घाम म्हणजे पाणी, मग येणार कशी बाहेर. शिसं-कॅडमियमसारखे धातू घामात किंचित सापडतात, तेवढं खरं आहे, पण शिशाची विषबाधा झालेल्याला कोणी लाकडी खोलीत बसवून बरं करत नाही.

बरं, हे यंत्र आहे तरी काय? लाकडी केबिन, आत सिरॅमिकचे रॉड नाहीतर कार्बनचे पॅनल, वीज लावली की ते तापतात आणि त्यांच्यातून इन्फ्रारेड बाहेर पडतं. इन्फ्रारेड हे काही नवीन शोधलेलं अस्त्र नाही, विल्यम हर्शेलने 1800 मध्ये साधा थर्मामीटर सूर्यप्रकाशाच्या पट्ट्यात लाल रंगाच्या पलीकडे ठेवला तेव्हाच ते सापडलं. शेकोटीसमोर बसल्यावर तोंड भाजतं आणि पाठ गार राहते ना, तेच इन्फ्रारेड. आपलं शरीर सुद्धा ते फेकत असतं, 9-10 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा हिस्सा) तरंगलांबीच्या आसपास सगळ्यात जास्त, भिंत पण फेकते, गादी पण फेकते. मेसेजमध्ये लिहिलंय की या किरणांची तरंगलांबी शरीराशी "जुळते" म्हणून ती आत खोल जातात. अहो, जुळते म्हणूनच जात नाहीत! लांब तरंगांचं इन्फ्रारेड, म्हणजे 3 मायक्रॉनच्या पुढचं, पाणी चटकन शोषून घेतं, आणि त्वचेत पाणीच पाणी, त्यामुळे ते मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपासच संपतं. आखूड तरंगांचं इन्फ्रारेड काही मिलिमीटर जातं. दीड इंच? दीड इंच आत किरणं गेली असती तर रस्त्यावर भजी तळणाऱ्याचं काय झालं असतं.

पुढचं सगळं साधं आहे. त्वचा तापते, तिथलं रक्त गरम होतं, मेंदू घाम सोडायला सांगतो, हृदयाचे ठोके वाढतात. हवा 45 ते 60 डिग्री असते, फिनलंडच्या सॉनात 80 ते 100, म्हणून इन्फ्रारेडमध्ये बसणं सोपं जातं. पण "आतून गरम" होतं का हे अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठात मोजून बघितलंय, 2025 मध्ये छापून आलंय. 20 तरुण निरोगी माणसांना गरम पाण्याच्या टबात, साध्या सॉनात आणि इन्फ्रारेड सॉनात बसवलं आणि शरीराच्या आतलं तापमान बघितलं. टबात ते 1.1 डिग्री वाढलं, साध्या सॉनात 0.4, आणि इन्फ्रारेडमध्ये वाढलंच नाही म्हणा ना. आतून गरम करणारं एकमेव यंत्र म्हणून जे विकतायत त्यानेच आतून सगळ्यात कमी गरम केलं. माझ्या मते एवढा एक प्रयोग पुरे आहे, मेसेज अर्धा तिथेच कोसळतो. कॅन्सरवाला मुद्दा तर लगेच. आतलं तापमान हलत नाही तर 42 कुठून आणणार, आणि खरंच सगळं शरीर 42 ला गेलं तर त्याला उष्माघात म्हणतात. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, म्हणजे इन्फ्रारेड केबिनएवढीच हवा, फुकट, आणि तिथल्या सरकारी दवाखान्यात त्यासाठी उष्माघात कक्ष उघडतात, डिटॉक्स कक्ष नाही. कॅन्सरमध्ये गरमीचा उपचार असतो, पण तो हॉस्पिटलात, ठरावीक जागी, तापमान मोजत, आणि केमो किंवा रेडिएशनच्या जोडीला.

600 कॅलरी. एक लिटर घाम वाळायला साधारण 580 किलोकॅलरी उष्णता लागते, मला वाटतं आकडा इथूनच उचललाय. पण ती उष्णता हीटरची असते हो, पोटाच्या चरबीची नाही! बिल भरलं सेंटरवाल्याने आणि वजन कमी झालं तुमचं, असं कसं होईल. काट्यावर जे कमी दिसतं ते पाणी, घरी येऊन दोन तांबे प्यायलात की परत हजर.

फिनलंडचा अभ्यास खरा आहे आणि चांगला आहे. यारी लाउक्कानेन यांनी 2015 मध्ये छापला, पूर्व फिनलंडमधले 2315 मध्यमवयीन पुरुष, वीसएक वर्षं लक्ष ठेवलं, आठवड्यातून 4 ते 7 वेळा सॉना घेणाऱ्यांत अचानक हृदय बंद पडून मरण्याचं प्रमाण एकदाच घेणाऱ्यांपेक्षा 63 टक्के कमी. पण तो साधा सॉना, 80 डिग्रीच्या आसपासचा. इन्फ्रारेडचा त्यात संबंधच नाही. शिवाय जो माणूस रोज सॉनात बसू शकतो तो मुळात तब्येतीने बरा असतो, हेही आलंच.

जपानचा मुद्दा मात्र मला थोडा गिळावा लागतोय. तिथे चुवा तेई नावाच्या डॉक्टरांनी हार्ट फेल्युअरच्या पेशंटसाठी "वाओन" नावाचा उपचार बसवला, आणि तो इन्फ्रारेडच आहे. 60 डिग्री, 15 मिनिटं, मग अर्धा तास ब्लँकेटमध्ये गुंडाळून झोपवायचं, गेलेल्या घामाएवढं पाणी मोजून परत पाजायचं. छोट्या अभ्यासांत पेशंटना बरं वाटलं. मग 2016 मध्ये अनेक हॉस्पिटलांचा मिळून 149 पेशंटचा अभ्यास आला, त्यात बघायची मुख्य गोष्ट होती बीएनपी, म्हणजे हृदयावरच्या ताणाची रक्ततपासणी, आणि तिच्यात दोन्ही गटांत ठोस फरक निघाला नाही. चालण्याची क्षमता वगैरे काही बाबतीत सुधारणा दिसली. म्हणजे पूर्ण थोतांड नाही, पण हॉस्पिटलात, डॉक्टरच्या नजरेखाली, वजन करून, पाणी मोजून, गोळ्या चालू ठेवून. मॉलच्या वरच्या मजल्यावर नाही. सांधे मोकळे वाटतात, झोप लागते, छान वाटतं हे पण मान्य, गरम पाण्याच्या अंघोळीने पण वाटतं.

आणि ऋषी! ज्यांनी हा मेसेज लिहिला त्यांनी चरकसंहिता उघडलेली नाही, पैज लावते. सूत्रस्थानाच्या चौदाव्या अध्यायात स्वेदनाचे प्रकार दिलेत, आणि कोणाला स्वेदन द्यायचं नाही त्याची यादी पण तिथेच दिलीये. त्या यादीत गर्भिणी आहे, आणि मधुमेही आहे. चक्क नाव घेऊन. आयुर्वेदाचा एवढा अभिमान आहे तर निदान तेवढं तरी ऐका, माझं नका ऐकू.

राहता राहिलं मेसेजच्या तळाशी चिकटवलेलं "एफडीए रजिस्टर्ड", एफडीए म्हणजे औषधं आणि वैद्यकीय यंत्रांवर लक्ष ठेवणारं अमेरिकेचं सरकारी खातं. अमेरिकेत रजिस्टर होणं म्हणजे कंपनीने आपलं नाव यादीत घालणं, त्याचा अर्थ एफडीएने यंत्र तपासून मंजूर केलं असा होत नाही. आपल्याकडे तर 1954 चा औषधं आणि जादुई उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा आहे, त्यात मधुमेह, कॅन्सर, रक्तदाब, लठ्ठपणा, हृदयविकार हे सगळे आजार यादीत आहेत, ते बरे करण्याच्या जाहिराती करायला मनाई आहे. म्हणून तर सेंटरच्या बोर्डावर नुसतं "रिलॅक्सेशन" लिहिलेलं असतं आणि क्रिएटिनिन, कॅन्सर वगैरे सगळं बिननावाच्या मेसेजमधून फिरतं. ज्यांना पटत नाही त्यांनी तिथे जाऊन एवढंच करावं, गोळ्या बंद ठेवा हे लेटरहेडवर लिहून, खाली सही-शिक्का मारून द्या म्हणावं.