पोराला इंजिनिअर करायचंय? मग हिशेब कशाला!

बारावीचा निकाल लागला की बेळगावात दोन गोष्टींची चौकशी करू नये, शेजारच्या पोराच्या टक्क्यांची आणि आपल्या पोराच्या कॉलेजच्या खर्चाची. भाजी मार्केटात कोथिंबिरीच्या पेंडीवरून पाच रुपयांसाठी हुज्जत घालणारे आपण अ‍ॅडमिशनच्या टेबलासमोर एकदम खानदानी होतो, आणि ते योग्यच आहे. "याशिवाय आणखी काय भरावं लागतंय?" असं विचारलं आणि मागं ओळखीचं कोणी उभं असलं तर? लाखभर गेले तरी चालतील, खरं चारचौघांत शोभा नको.

तेव्हा माहितीपत्रकावर पहिल्या वर्षाची जी फी छापलीय तीच पूर्ण फी समजा. तिला चारनं गुणायचं नाही. हॉस्टेल, मेस, परीक्षा फी, लॅपटॉप, शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट हे देवावर सोडा. व्हीटीयूचं, म्हणजे कर्नाटकातल्या इंजिनिअरिंग विद्यापीठाचं, मुख्यालय इथं मच्छेला असलं म्हणून काय झालं, पोराला बेंगळुरूलाच पाठवा. घरचं जेवून झालेल्या इंजिनिअरला गल्लीत कोण विचारतो?

सवलतींच्या वाटेला तर जाऊच नका. उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून, म्हणजे सरकारी महसूल कार्यालयातून, आधी काढून ठेवणारी माणसं मुळातच घाबरट. केईएचा, म्हणजे कर्नाटकच्या प्रवेश प्राधिकरणाचा, अर्ज भरताना दाखल्यावरचा आरडी नंबर मागितला की मग धावपळ करायची, त्यात मजा आहे. कमी उत्पन्नवाल्यांसाठी ज्या जास्तीच्या जागा असतात, त्या सुपरन्यूमररी कोट्यात नंबर लागला तर ट्यूशन फी माफ होते म्हणे. होऊ दे. तो पर्याय अर्जात निवडायचा की नाही हे सायबर कॅफेतल्या पोराला ठरवू द्या, त्याला अनुभव आहे.

आणि महाराष्ट्राच्या सीईटीत आपल्यासाठी 'टाइप ई' नावाची वाट आहे, हे तर कानावरही पडू देऊ नका. दहावी किंवा बारावी वादग्रस्त सीमाभागातून झालेली आणि मातृभाषा मराठी, एवढ्यावर तिथं अर्ज करता येतो. १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत घसा बसेपर्यंत घोषणा देणं हे आपलं काम. मातृभाषेचा दाखला काढायला खेपा घालणं हे काय माणसाचं काम आहे?

आता कर्ज. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला सरकारची हमी योजना आहे, त्याला जमीन तारण मागायची नसते. तरी तुम्ही शेताचा उतारा पिशवीत घालूनच जा. साहेबांना बरं वाटतं. पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजना २०२४ मध्ये आली. आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर, शिक्षण चालू असताना आणि पुढं वर्षभर, व्याजात तीन टक्के सवलत मिळते. पण कॉलेज त्यांच्या यादीत लागतं आणि प्रवेश गुणवत्तेवरचा लागतो, मॅनेजमेंट कोट्याला काही नाही. म्हणून आधी डोनेशन देऊन सीट पक्की करा, मग बँकेत जाऊन योजनेबद्दल विचारा. हा क्रम मोडू नये.

आणि सगळ्यात गोड भाग म्हणजे "कोर्स संपेपर्यंत हप्ता नाही." हे वाक्य ऐकलं की खुर्चीतून उठा. पुढचं ऐकू नका, कारण पुढं साहेब म्हणण्याची शक्यता आहे की हप्ता नसला तरी व्याज चालूच असतं. दरवर्षी अडीच लाख असे चार वर्षांत दहा लाख उचलले आणि दर दहा टक्के धरला, तर चार वर्षं आणि वरचं एक वर्ष मिळून साध्या व्याजानंच साडेतीन लाख साचतात. पोरगा पहिला हप्ता भरायला बसतो तेव्हा कर्ज साडेतेरा लाखांचं झालेलं असतं. दहा वर्षांच्या मुदतीला महिन्याला सतरा हजार आठशेच्या पुढं. तेच व्याज दरमहा भरत गेलं तर हप्ता तेरा हजार दोनशेच्या आसपास राहतो, आणि वेळेवर व्याज भरणाऱ्याला बऱ्याच बँका दरातही थोडी सूट देतात. पहिल्या वर्षी हे व्याज महिन्याला दोन हजार ऐंशी. पण दोन हजार म्हणजे काय थोडे पैसे आहेत? तेवढ्यात पोराच्या मोबाईलचा हप्ता बसतो.

नोकरीची काळजी नको. कॉलेजच्या फ्लेक्सवर सर्वांत मोठ्या पॅकेजवाल्याचा फोटो असतोच, तो आपलाच पोरगा समजायचा. बाकीच्यांना काय मिळालं हे विचारणं म्हणजे अपशकुन. पहिला पगार वीस हजार आला आणि बेंगळुरूतली खोली, जेवण वजा करून हप्त्याला काही उरलं नाही, तर बँक सहअर्जदाराला, म्हणजे तुम्हालाच फोन करील. उचलू नका. पोराबरोबर तुमचंही सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, बिघडेल आणि पुढच्या हंगामात ट्रॅक्टरच्या कर्जाला नकार येईल, त्यात बँकेचा खडूसपणा आहे असं कट्ट्यावर सांगता येतं.

मग सोसायटी आहेच. चेअरमन ओळखीचे, घरात बायकोचं सोनं, व्याज किती ते विचारायची पद्धत तिथंही नाही. फक्त दोन जामीनदार लागतील. कधी जाणार तेवढं आधी कळवा, म्हणजे त्या आठवड्यात मी बहिणीकडं गडहिंग्लजला जाऊन राहतो.