‘छोटा बोर्ड म्हणजे नाजूक बोर्ड’ या आक्षेपाविषयी

सस्नेह नमस्कार.

मुलांच्या सेलवर चालणाऱ्या गाड्यांसाठी छोटे मोटार ड्रायव्हर बोर्ड, म्हणजे मोटारीला वीज देऊन तिचा वेग आणि दिशा सांभाळणारे बोर्ड, यांवरील माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि कडक प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल मनापासून आभार. मोटार रिवाइंडिंगच्या कामात उमेदीची वर्षे घातलेल्या माणसाच्या आक्षेपाला दोन ओळींत उत्तर देणे मला बरे वाटत नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आपले म्हणणे असे, की एल२९८ चिपचा नेहमीचा लाल बोर्ड ४६ व्होल्ट आणि २ अँपिअर सोसतो, इंदुरात जेल रोडवर सहज मिळतो आणि मुलांच्या हातून चूक झाली तरी तग धरतो. उलट मी सुचवलेला डीआरव्ही८८३३ चा नखाएवढा बोर्ड आपण घरच्या गणपतीपुढील झांकीसाठी, म्हणजे हलत्या देखाव्यासाठी, १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर लावला. पुतळ्याचा हात मागेपुढे हलवणारी गिअर मोटार कमी वेगावर नुसती गुणगुणत राहिली, आणि वेग वाढवून दिशा बदलताच बोर्ड जळाला. म्हणून माझा सल्ला पुस्तकी आहे, असा आपला निष्कर्ष आहे.

बोर्ड जळाला याचे कारण आपल्याच वर्णनात आहे. डीआरव्ही८८३३ ला मोटारीसाठी २.७ ते १०.८ व्होल्टच द्यायचे असतात. लेखातील मांडणी दोन लिथियम सेलांवरची होती, आणि ते पूर्ण भरलेले असतानाही ८.४ व्होल्टच्या वर जात नाहीत. या चिपमध्ये जादा करंट आणि जादा तापमान या दोहोंपासून संरक्षण आहे, पण जादा व्होल्टेजपासून तिला वाचवणारे काही नाही. १२ व्होल्टवर ती काही वेळ चालली, तरी ती मर्यादेबाहेरच चालत होती.

त्यात दिशा बदलण्याची भर पडली, आणि झांकीसारख्या कामात हाच भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. समजा, मोटारीच्या वेटोळ्याचा रोध ६ ओहम आहे. मोटार अडली, तर १२ व्होल्टवर २ अँपिअर वाहतील. पण ती पूर्ण वेगात फिरत असताना तिच्यात स्वतःचे सुमारे १० व्होल्ट उलट दिशेने निर्माण होत असतात, आणि म्हणूनच चालत्या मोटारीचा करंट कमी दिसतो. त्याच क्षणी आपण दिशा उलटवली, की हे १० व्होल्ट पुरवठ्याच्या विरोधात न राहता त्याच्याच बाजूला मिळतात, आणि २२ व्होल्ट भागिले ६ ओहम, म्हणजे साडेतीन अँपिअरच्याही वर करंट जातो. चिपने तो तोडला, तर वेटोळ्यात साठलेली ऊर्जा डायोडांमधून पुरवठ्याच्या तारेवर परत येते. साधा अडॅप्टर करंट देऊ शकतो, परत घेऊ शकत नाही. त्यामुळे बोर्डाजवळ मोठा कपॅसिटर नसेल, तर आधीच जास्त असलेले व्होल्टेज क्षणभर आणखी वर चढते. म्हणून बोर्ड कोणताही असो, आधी वेग शून्यावर आणावा, क्षणभर थांबावे आणि मग उलट दिशेने हळूहळू वाढवावा, अशीच आज्ञावली मुलांकडून लिहून घ्यावी. त्यामुळे गिअरचे प्लास्टिकचे दातेही टिकतात.

आता एल२९८ च्या दणकटपणाविषयी. हा दणकटपणा खरा आहे, पण तो कुठून येतो हे पाहायला हवे. त्या चिपमध्ये मॉस्फेट (कमी रोधाचे नवे इलेक्ट्रॉनिक स्विच) नसून जुन्या पद्धतीचे बायपोलर ट्रान्झिस्टर आहेत आणि करंट नेहमी त्यांतील दोघांमधून जातो. १ अँपिअरवर या दोघांत मिळून १.८ ते ३.२ व्होल्ट खर्च होतात, आणि २ अँपिअरवर ही घट ४.९ व्होल्टपर्यंत जाऊ शकते, असे उत्पादकाच्याच माहितीपत्रकात दिले आहे. म्हणजे आपल्या १२ व्होल्टमधून मोटारीला नऊच्या आसपास मिळतात, अडलेल्या मोटारीचा करंटही त्यामुळे २ अँपिअरऐवजी दीडवर राहतो, आणि उरलेले चारसाडेचार वॅट त्या काळ्या हीटसिंकमधून खोलीत जातात. बोर्ड तग धरतो याचे मोठे कारण तो मोटारीचे व्होल्टेज स्वतः खातो हे आहे. १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर हे चालून जाते. दोन सेलांवर, ७.४ व्होल्टमधून अडीच गेले की मोटारीला पाचही उरत नाहीत, आणि सेल उतरू लागले की मुलांची गाडी सतरंजीवरच अडते. माझा लेख त्या मुलांसाठी होता.

डीआरव्ही८८३३ मध्ये वरच्या आणि खालच्या मॉस्फेटचा मिळून रोध ०.३६ ओहम आहे. १ अँपिअरवर घट ०.३६ व्होल्ट आणि उष्णता ०.३६ वॅट. बोर्ड छोटा असण्याचे कारण एवढेच आहे, की बाहेर टाकण्यासारखी उष्णताच फारशी तयार होत नाही. मात्र तापल्यावर मॉस्फेटचा रोध वाढतो, आणि जी काही उष्णता होते ती चिपच्या पोटाखालील धातूच्या पट्टीतून बोर्डाच्या तांब्यात उतरते. ती पट्टी नीट सोल्डर झालेली नसेल, तर या चिपसाठी सांगितलेला १.५ अँपिअरचा आकडा कागदावरच राहतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि बोर्ड बंद डब्यात असतो, तेव्हा मी स्वतः तो सलग १ अँपिअरच्या वर चालवत नाही.

करंटला मर्यादा घालण्याची सोय हा या चिपचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा गुण. करंट मोजणाऱ्या सेन्स टोकावरील व्होल्टेज ०.२ झाले, की ती करंट तिथेच छाटते. म्हणजे ०.२ ओहमचा रेझिस्टर लावला, तर मर्यादा १ अँपिअर. काही बोर्डांवर हा रेझिस्टर बसवलेला असतो, काहींवर ते टोक सरळ ग्राउंडला जोडलेले असते आणि मग ही मर्यादा लागूच होत नाही. घेताना भिंगातून एवढे जरूर पाहावे. एल२९८ च्या पोटात जादा तापमानापासून संरक्षण आहे, पण करंट छाटणारी अशी सोय नाही.

गुणगुणण्याचा प्रश्न वेगळा आहे. ड्रायव्हरला आज्ञा देणाऱ्या आर्डुइनो उनो या बोर्डाच्या बहुतेक पीडब्ल्यूएम टोकांची (वेग ठरवण्यासाठी झपाट्याने चालू-बंद होणारे पल्स देणाऱ्या टोकांची) वारंवारता सुमारे ४९० हर्ट्झ असते, ती कानाला ऐकू येणारच. ती २० किलोहर्ट्झपर्यंत नेली, की आवाज थांबतो. पण हळू वेगावर मोटार उचलत नाही, याचे कारण बहुधा जोडणीची पद्धत आहे. एक इनपुट शून्यावर ठेवून दुसऱ्यावर पल्स दिले, तर दोन पल्समधल्या प्रत्येक खंडात वेटोळ्यातील करंट झपाट्याने विझतो. एक इनपुट कायम चालू ठेवून दुसऱ्यावर पल्स दिले, तर खंडाच्या काळात मोटारीची दोन्ही टोके आतून जोडली जातात, करंट तिथेच फिरत राहतो आणि कमी वेगावरही जोर टिकतो. यात पल्सचे प्रमाण उलटे मोजायचे असते, शून्य म्हणजे पूर्ण वेग, हे मात्र ध्यानात ठेवावे. हात सावकाश हलवायचा असेल, तर हीच पद्धत हवी.

१२ व्होल्टचा अडॅप्टर कायम ठेवायचा असेल, तर डीआरव्ही८८३३ आपल्या कामाचा नाही, हे मी नि:संकोचपणे मान्य करतो. टीबी६६१२ या दुसऱ्या ड्रायव्हर चिपची कमाल मर्यादा १५ व्होल्ट आणि सरासरी करंट १.२ अँपिअर आहे; दिशा सतत बदलणार असेल, तर तिथेही फार ऐसपैस जागा उरत नाही. मी डीआरव्ही८८७१ हा ड्रायव्हर घेईन. तो ६.५ ते ४५ व्होल्टवर चालतो, शिखर करंट ३.६ अँपिअर आहे आणि मर्यादा एका रेझिस्टरने ठरते: ६४ ला किलोओहमने भागावे, म्हणजे ३२ किलोओहमला २ अँपिअर. एका बोर्डावर एकच मोटार चालते, त्यामुळे दोन हातांना दोन बोर्ड लागतील. पुरवठ्याच्या टोकांपाशी निदान ४७० मायक्रोफॅरडचा, २५ व्होल्टचा कपॅसिटर आणि मोटारीच्या टोकांवर १०४ क्रमांकाचा (०.१ मायक्रोफॅरडचा) सिरॅमिक कपॅसिटर लावावा, म्हणजे ब्रशच्या ठिणग्यांचा त्रास आर्डुइनोला होणार नाही.

अनंत चतुर्दशीला इंदुरात निघणाऱ्या कापड मिलच्या झांक्यांसारखा मोठा पुतळा हलवण्यासाठी गाडीच्या वायपरची मोटार चालेल का, असेही आपण शेवटी विचारले आहे. ती अडली, तर या सगळ्या बोर्डांच्या आवाक्याबाहेरचा करंट ओढते, एल२९८ च्याही. त्यासाठी वेगळे मॉस्फेट लावलेला मोठा ड्रायव्हर आणि ओळीत फ्यूज हवा. आपल्या गिअर मोटारीच्या वेटोळ्याचा रोध मल्टिमीटरने मोजावा, शाफ्ट हाताने थोडा थोडा फिरवून सर्वांत कमी येणारा आकडा धरावा, आणि मला कळवावा. त्यावरून मर्यादेचा रेझिस्टर किती किलोओहमचा हवा, ते हिशेबासह लिहून पाठवतो.