हातातल्या सामानात एडका

विमानतळावर आपली बॅग पट्ट्यावरून बाजूला ओढली गेली की काही केलेलं नसतानाही चेहरा आपोआप आरोपीचा होतो. पट्टा ट्रेमध्ये गेल्यामुळे एका हाताने पँट धरलेली, बोर्डिंग पास दातात, आणि समोरचा निळ्या हातमोज्यांतला साहेब विचारतोय, "ये बॅग किसका है?" गेल्या रविवारची गोष्ट, अजून डोक्यातून जात नाही. शहराचं नाव सांगत नाही. तिथे जुन्या स्पेअरपार्टांची एक गल्ली आहे आणि मला परत जायचंय.

बॅगेत दोन शर्टांत गुंडाळलेला मेंढा होता. जिवंत नव्हे. जस्ताचं ओतकाम, वरून क्रोम, वीतभर लांब, पुढचे पाय दुमडून झेप घेणारा, डॉज गाडीच्या बॉनेटवरचा. गॅरेजवाले या प्रकाराला सरसकट 'मोनोग्राम' म्हणतात. मग तो मेंढा असो, जहाज असो की नुसतं एक अक्षर. माझ्या मेंढ्याच्या डाव्या शिंगावर क्रोमला बारीक पुटकुळ्या आल्या आहेत, पोटाखाली ओतकामाचा नंबर आहे आणि दोन बोल्टांपैकी एकाचा नट गंजून कायमचा बसलाय. या तीन गोष्टींमुळेच तो अस्सल. हल्ली पितळेत ओतून वर निकेल चढवलेल्या नकला मिळतात. त्या इतक्या गुळगुळीत असतात की बघताक्षणी संशय यावा.

हे सगळं मला माहीत होतं. साहेबांच्या पडद्यावर मात्र फक्त दोन कोयते दिसत होते.

"ये क्या है?"

"मोनोग्राम."

"मतलब?"

"गाडी के आगे लगता है."

"गाडी कहाँ है?"

"गाडी नहीं है."

साहेबांनी मान वर करून पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. "गाडी नहीं है, तो इसको लगाना कहाँ है?"

हा प्रश्न मला घरात, ऑफिसात आणि एका साखरपुड्यातही विचारून झालेला आहे. याचं उत्तर द्यायचं तर सुरुवात शंभर वर्षं मागून करावी लागते, आणि ती मी केली, हिंदीतून. पूर्वी गाडीत पाणी किती तापलंय हे ड्रायव्हरला कळायची सोय नव्हती. मग 1910च्या दशकात बॉइस मोटोमीटर नावाचा तापमापक आला. तो रेडिएटरच्या झाकणावरच बसायचा, म्हणजे सीटवरून काचेतून दिसावा. पुढे काटा डॅशबोर्डवर गेला आणि झाकणाची जागा रिकामी झाली. मूर्ती त्याआधीही काही गाड्यांवर होत्या, पण रिकामी जागा दिसली की माणूस तिथे काहीतरी बसवतोच. कुणी ससाणा बसवला, कुणी सारस, कुणी परी. फ्रान्सच्या रने लालिकने तर चक्क काचेची मानचिन्हं केली. डॉजने 1932 साली अ‍ॅव्हर्ड फेअरबँक्स या शिल्पकाराकडून मेंढा करून घेतला.

"मतलब ये बकरा है," साहेब म्हणाले.

"बकरा नहीं, मेंढा..."

"बकरा लेके प्लेन में क्यों जा रहे हो?"

तेवढ्यात मागून आवाज आला, "ओ पावनं, ह्यो एडका हाय!"

मागे रांगेत एक काका उभे होते. पांढरा शर्ट, पांढरी पँट, कपाळाला गंध, एका हातात स्वतःच्या चपला. मराठी ऐकून मला जे बरं वाटलं ते पुढे जेमतेम अर्धा मिनिट टिकलं. काका आटपाडीकडचे. तिकडची माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पसरली आहेत, हे ऐकून होतो. सराफ बाजाराच्या कुठल्यातरी बोळात भट्टी, मूस, सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं. काकांचं दुकान याच शहरात, आता पोरगा बघतो, ते गावाकडे निघाले होते. म्हणजे परमेश्वराने माझ्या मदतीला असा माणूस पाठवला होता, ज्याला धातू कळत होता आणि मेंढाही कळत होता. कला तेवढी राहिली होती.

"बगू," म्हणत त्यांनी साहेबांच्या हातातून मेंढा घेतला. साहेबांनी दिलासुद्धा! मला हात लावू दिला नव्हता. काकांनी तो तळहातावर झुलवला, कानाजवळ नेऊन बोटाच्या पेराने टिचकी मारली, ऐकलं, आणि निकाल दिला, "जस्त. चांदी न्हाई." मग साहेबांसाठी अस्खलित हिंदीत, "साब, इसमें कुछ नहीं निकलेगा. गलाओगे तो कोयले का पैसा भी वसूल नहीं होगा."

"काका, गाळायचा नाहीये तो," मी म्हटलं.

"मग कशाला घेतलाय?"

"जमवतो मी."

"काय?"

"हेच. जुन्या गाड्यांचे मोनोग्राम."

काकांनी चपला खाली ठेवल्या. याचा अर्थ ते आता सविस्तर बोलणार होते. "किती मोजलं?"

मी खऱ्या किमतीच्या खूपच खालचा आकडा सांगितला. "आठशे."

"फसवलं तुमाला," काका म्हणाले, आणि साहेबही मान हलवून हळहळले. सुरक्षा तपासणीच्या यंत्रणेला माझ्याबद्दल त्या सकाळी वाटलेली ती एकमेव सहानुभूती. "अहो, आमच्या गावात डाजचा ट्रक हुता. माझ्या चुलत्याचाच. भंगारात घातला तवा सगळा किलोवर गेला. असलं काय आसंल तर ते बी गेलं आसंल त्यातच."

किलोवर. तिथे पट्ट्यावर मी वरवर हसलो, पण खरं सांगतो, पोटात ढवळलं. हे डॉज काही नुसते अमेरिकेतून आलेले नव्हते. 1944 साली वालचंद हिराचंदांनी प्रीमियर ही मोटार कंपनी काढली, क्रायस्लरशी करार केला आणि कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, प्लिमथ, डिसोटो जोडल्या जाऊ लागल्या. मर्सिडीजवाले त्यांच्या चांदणीची तीन टोकं म्हणजे जमीन, पाणी आणि आकाश, असं शंभर वर्षं ऐटीत सांगताहेत. सोलापुरात जन्मलेल्या या माणसाने सिंदिया कंपनीतून बोटी चालवल्या, 1940 साली बंगळूरला विमानांचा कारखाना काढला आणि वर कुर्ल्यात मोटारी केल्या. त्याच्या नावाने कुणी चांदणी केली नाही.

त्या काळातल्या क्रायस्लरच्या गाड्यांची खरी गंमत तर मोनोग्राममध्येच होती. डॉज किंग्जवे, प्लिमथ सॅव्हॉय आणि डिसोटो डिप्लोमॅट म्हणजे मुळात जवळजवळ एकच गाडी. पत्रा तोच, इंजिन तेच. मेंढ्याचं चिन्ह लावलं की डॉज, मेफ्लॉवर जहाज लावलं की प्लिमथ, स्पॅनिश सेनानी एर्नांदो दे सोतो लावला की डिसोटो. गिऱ्हाईक मात्र "आम्ही डिसोटोवाले" म्हणून वेगळ्या पंगतीत बसणार. म्हणजे गाडी ही गौण बाब होती, मोनोग्राम हीच गाडी होती! आणि नेमका तोच आम्ही शेराच्या भावाने भंगारात घातला. मुंबईच्या रस्त्यांवरून त्याच प्रीमियरच्या पद्मिनीची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी 2023च्या ऑक्टोबरअखेर गेली तेव्हा सगळ्यांनी तिच्याबरोबर फोटो काढून घेतले. त्याआधी हजारो पद्मिनी तोडल्या गेल्या, तेव्हा डिकीवरची ती तिरकी क्रोमची अक्षरं कुठे गेली, हे एकाने तरी विचारलं का? आज तीच अक्षरं मागायला गेलं तर दुकानदार अँटिकचा भाव सांगतो आणि वर एक अक्षर तुटकं देतो.

असो. साहेबांचे साहेब आले. त्यांना पहिल्यापासून सगळं सांगायचं काम काकांनी परस्पर अंगावर घेतलं. मोटोमीटर त्यांनी गाळला, आठशे रुपये तेवढे दोनदा सांगितले. मोठे साहेब म्हणाले, "नुकीला है. अलाऊड नहीं है."

"कहाँ नुकीला है?" काका माझ्या बाजूने उसळले. "देखो, हाथ लगाके देखो, कुछ नहीं होता," म्हणत त्यांनी पुढच्या खुराखालच्या टोकावर स्वतःचा अंगठा दाबला. "आई गं!"

खटला तिथेच संपला. अंगठ्यावर रक्ताचा एक टिपूस होता. काकांनी तो तोंडात घातला आणि बोबडं म्हणाले, "बारीक हाय वो, पन टोचतंय."

माझी पंचाईत अशी, की मोठे साहेब इतिहासाच्या बाजूने बोलत होते आणि मला ते ठाऊक होतं. ही टोकदार चिन्हं पादचाऱ्यांच्या पोटात घुसतात, म्हणून 1974 साली युरोपात गाडीच्या बाहेर आलेल्या भागांवर नियम आले. जग्वारची झेप घेणारी मूर्ती पुढे बहुतेक गाड्यांच्या बॉनेटवरून उतरली. मर्सिडीजची चांदणी स्प्रिंगवर मागे वाकते. रोल्सरॉइसच्या बॉनेटवरची बाई तर धक्का लागला की सरळ खाली रेडिएटरमध्ये शिरते. ज्या मुद्द्यावर युरोपला कायदा करावा लागला तो काकांनी अंगठ्यावर सिद्ध करून दाखवला, तोही माझ्या खर्चाने.

रोल्सरॉइसच्या त्या बाईवरून आठवलं. चार्ल्स साइक्सने 1911 साली ती घडवली आणि तिचा नमुना म्हणजे एलेनॉर थॉर्नटन होती असं मानतात. ही थॉर्नटन 1915च्या डिसेंबरात ज्यांची ती सेक्रेटरी होती त्या लॉर्ड माँटेग्यूंबरोबर पर्शिया नावाच्या बोटीने मुंबईच्या वाटेवर होती. जर्मन पाणबुडीने क्रीटजवळ बोट बुडवली. लॉर्ड वाचले, ती गेली. मानचिन्हांना मुंबईचा रस्ता तेव्हापासूनच लाभत नसावा, असा विचार करत मी मेंढा काखेत मारून उलटा चेक-इनच्या काउंटरवर गेलो. माझी मोठी बॅग कधीच पुढे गेली होती. काउंटरवरची मुलगी गोड हसून म्हणाली, हे वेगळं सामान धरावं लागेल आणि त्याचे वेगळे पैसे. भरले. ती रक्कम सांगत नाही, पण काकांना सांगितलेल्या आठशेपेक्षा जास्त होती. मेंढा एका खोक्यात गेला. खोक्यावर काचेच्या पेल्याचं चित्र चिकटवलं गेलं, आणि ते लावून झाल्यावर खोकं दाणकन पट्ट्यावर आपटलं गेलं.

परत तपासणी, परत पट्टा ट्रेमध्ये. आत जाऊन बघतो तर पहिल्याच दुकानात पितळेची हातभर उंच दुर्गा विकायला ठेवलेली, हातात चांगला लखलखीत त्रिशूळ. "केबिनमध्ये नेता येते का?" मी विचारलं. "हां सर, क्यों नहीं." शेजारच्या कपाटात काचेच्या बाटल्या. माझ्या पुढून एक गृहस्थ लोखंडी टोकाची छत्री टेकत टेकत विमानात चढले. मला नियमाचा राग नाही, नियम असावा. पण टोक मोजायचं तर सगळ्यांचं मोजा ना! माझ्या मेंढ्याच्या पाठीशी देव नाही आणि दुकानही नाही, एवढाच त्याचा गुन्हा.

काकांची सीट अर्थातच माझ्या शेजारी निघाली. पुण्यापर्यंत त्यांनी मला मेंढ्यांवर शिकवणी दिली. माडग्याळ जातीचा एडका त्यांच्या दारात आहे, आटपाडीच्या कार्तिकातल्या बाजारात त्याला दीड लाखाला मागणी आली होती, दिला नाही. "जित्त्याला दीड लाख," ते शांतपणे म्हणाले, "आन् तुमच्या मेलेल्याला आठशे. म्हागच पडला की तुमाला." यावर मी त्यांना बीएमडब्ल्यूच्या चिन्हातलं निळं-पांढरं म्हणजे विमानाचा पंखा नसून जर्मनीतल्या बव्हेरिया प्रांताचे रंग आहेत, हे सांगून पाहिलं. पंख्याची कथा पुढे 1929च्या एका जाहिरातीमुळे पसरली, हेही सांगितलं. काकांनी खिडकीबाहेर विमानाच्या पंखाकडे बघितलं आणि झोपले.

पुण्यात खोकं पट्ट्यावर आलं ते उलटं. काकांनी तिथेच उघडायला लावलं, खांदा लावून उभ्या असलेल्या सगळ्या गर्दीसमोर. शिंगं शाबूत होती. पुटकुळ्याही शाबूत होत्या. काकांनी फोटो काढला, माझा नंबर घेतला आणि स्वारगेटला जायला रिक्षा केली.

काल रात्री त्यांचा निरोप आलाय. सोबत फोटो, दारातल्या एडक्याचा, कपाळाला भंडारा. म्हणतात, मेंढा आठ दिवसांसाठी पाठवून द्या. साचा काढून चांदीत एक ओतून घेतो, पोराच्या नव्या जीपला लावायचाय. मी काळजी करू नये म्हणून पुढे खुलासाही केलाय: "तुमच्या अमेरिकावाल्यानं एडका नीट बघितल्याला दिसत न्हाई. नाक पोपटाच्या चोचीगत वाकडं पायजे, ते आमी करून घेऊ. आन् शिंगं काढून टाकू. आमच्या जातीला शिंगं नसत्यात. तुमच्याला नसती तर इमानात बी सोडलं असतं."