वल्हं मारणाऱ्यांचीही नावं लिहा

पणजीतल्या आमच्या इतिहास मंडळाने गेल्या आठवड्यात शहराच्या सागरी वारशाचा सोहळा केला. प्रदर्शन होतं, व्याख्यानं होती, मुलांसाठी होड्या बनवायची कार्यशाळा होती. निवृत्त शिक्षक, बँकेतून निवृत्त झालेली मंडळी आणि कॉलेजची काही पोरं, यांनी पदरमोड करून हे सगळं उभं केलं. मांडवीच्या काठावर राहून मांडवीकडे पाठ फिरवलेल्या या शहरात असं काही घडतं याचंच मला अप्रूप आहे. मंडळाचं मनापासून अभिनंदन. पण एक गोष्ट आग्रहाने मांडायची आहे. पुढच्या वर्षी या सोहळ्यात जहाजांइतकीच जहाजांवरची माणसं दिसायला हवीत, आणि तीही नावागावासकट.

प्रदर्शनात शिरताच मोठे फलक लागत. अफोन्सो द आल्बुकेर्क, 1510, व्हाइसरॉय, किल्ले, तोफा. आग्वादच्या किल्ल्याचा फलक चांगला होता. 1612 मध्ये बांधलेला किल्ला, 1864 चं दीपगृह, आणि ते प्रचंड मोठं पाण्याचं टाकं. लांबच्या सफरीवर निघालेली जहाजं इथे गोडं पाणी भरून घेत, किल्ल्याचं नावच त्या पाण्यावरून पडलं. हे सगळं खरं आहे आणि मुलांना सांगायलाच हवं. पण ते पाणी टाक्यातून काढून खाली जहाजापर्यंत कुणी नेलं? पिंपं कुणी उचलली? फलकावर टाक्याची मापं होती, माणूस नव्हता.

गर्दी मात्र भलतीकडेच होती. हॉलच्या कोपऱ्यात एका साध्या टेबलावर लोकांनी घरून आणलेल्या वस्तू मांडल्या होत्या. तिथे एका तारवटीचं, म्हणजे जहाजावर नोकरी केलेल्या माणसाचं, जुनं पुस्तक होतं, सीडीसी, म्हणजे त्याच्या जहाजी नोकरीची नोंदवही. कापडी पुठ्ठा झिजलेला, कडेला तेलाचे डाग. आत एकेका ओळीत जहाजाचं नाव, चढल्याची तारीख, उतरल्याची तारीख, हुद्दा. काम आणि वागणूक या दोन रकान्यांत प्रत्येक सफरीनंतर तोच शिक्का: व्हेरी गुड. पानामागून पान, व्हेरी गुड. फोटोतला तरुण कॉलर ताठ करून कॅमेऱ्याकडे बघतोय. त्याची नात शेजारी उभी राहून बघणाऱ्यांना सांगत होती की आजोबा जहाजावर भंडारी, म्हणजे स्वयंपाकी, होते, वर्षातले बरेच महिने घराबाहेर असायचे आणि घर त्यांच्या मनिऑर्डरीवर चालायचं. लोक थांबून ऐकत होते. बऱ्याच जणांचे डोळे पाणावले, माझेही.

गोव्यातल्या किती घरांची ही कथा आहे! ब्रिटिश इंडिया, पी अँड ओ अशा कंपन्यांच्या जहाजांवर गोंयकार स्वयंपाकी, वाढपी, खलाशी म्हणून पिढ्यानपिढ्या राबले. मुंबईत धोबीतलावला आणि माझगावला गावोगावच्या कुडी होत्या. पुढचं जहाज मिळेपर्यंत तारवटी आपापल्या गावाच्या कुडीत मुक्काम करायचे. अर्ध्या जगाची बंदरं पाहिलेली ही माणसं. त्यांची चरित्रं कुणी लिहिली नाहीत. त्यांची पुस्तकं ट्रंकेत आहेत आणि ट्रंकांना वाळवी लागते आहे.

कुणी म्हणेल, सामान्य माणसाची नोंद इतिहासात कुठे मिळणार? मी म्हणते, जुन्या गोव्याला पुरातत्त्व खात्याच्या संग्रहालयात जा. तिथे कदंब राजांच्या काळातले वीरगळ आहेत. दर्यावरच्या लढाईत पडलेल्या वीरांचेही आहेत. जवळ जाऊन नीट पाहा: दगडात होडी कोरलेली आहे, वल्ही ओळीने पाण्यात गेलेली आहेत, वर हत्यारं उगारलेली माणसं आहेत. शिल्पकाराने होडी कशी असते हे डोळ्यांनी पाहिलं होतं, हे त्या कोरीव कामातच दिसतं. एका वीरासाठी दगड उभा राहिला, पण वल्हं मारणाऱ्यांनाही त्या दगडात जागा मिळाली. त्यांची नावं कोरायची राहिली. ते काम आता आपण करू शकतो, निदान गेल्या शंभर वर्षांपुरतं तरी.

कदंबांचा विषय निघाला म्हणून सांगते. आपला सागरी इतिहास 1510 ला, पोर्तुगिजांनी गोवा घेतला तेव्हा, सुरू होत नाही. जुवारीच्या काठी, आजच्या गोवा वेल्हाच्या परिसरात, गोपकपट्टण हे कदंबांचं भरभराटीचं बंदर होतं. पहिला जयकेशी अकराव्या शतकात तिथून राज्य करत होता. त्याच्या काळातल्या ताम्रपटात बंदरात येणाऱ्या जहाजांवरच्या कराचा उल्लेख आहे. अरब व्यापाऱ्याच्या घराण्यातला माणूस त्याच्या कारभारात मोठ्या हुद्द्यावर होता. प्रदर्शनात या सगळ्याला एक छोटा फलक मिळाला, तोही दाराआड. पुढच्या वेळी तो दर्शनी भागात आणा.

व्याख्यानानंतर एक वाद झाला, त्यावरही बोलते. एक गृहस्थ तावातावाने म्हणाले, पोर्तुगिजांच्या जहाजांचं कौतुक आम्ही का करायचं? त्यांचा राग मला समजतो. याच दर्यावर आपल्या लोकांना स्वतःची गलबतं हाकायला पोर्तुगिजांचा परवाना, कार्ताझ, विकत घ्यावा लागे. परवाना नसेल तर माल जप्त. हे फलकांवर ठळक यायला हवं होतं, आलं नाही. पण जहाजं वगळून टाका म्हणणं मला पटत नाही. जुन्या गोव्याच्या गोदीत पोर्तुगिजांसाठी जहाजं बांधली गेली, तेव्हा तिथे स्थानिक सुतार आणि लोहार घाम गाळत होते. ‘दों फेर्नांदो दुसरा इ ग्लोरिया’ नावाची मोठी फ्रिगेट 1843 मध्ये दमणला पाण्यात उतरली. तिचं सागवान नगर हवेलीच्या जंगलातलं. भारताच्या सफरी करणारं पोर्तुगालचं ते शेवटचं शिडाचं लढाऊ जहाज. आज ते लिस्बनच्या समोरच्या काठावर, आल्मादाला, संग्रहालय म्हणून उभं आहे आणि जगभरचे लोक तिकीट काढून पाहतात. ती लाकडं तासणारे हात आपल्या किनाऱ्यावरचे होते. झेंडा त्यांचा होता म्हणून कसबही त्यांचं ठरत नाही.

आता आगबोटीबद्दल. यावर एक अख्खं दालन हवं होतं आणि होते फक्त तीन फोटो.

माझ्या वयाच्या कुठल्याही गोंयकाराला किंवा कोकणवासीयाला विचारा. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून निघणारी बोट जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला करत पणजीला यायची. ‘रोहिणी’, ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’ ही नावं घरातल्या माणसांसारखी तोंडात असायची. माझ्या आईचं माहेर देवगड. लहान बंदरांत बोट धक्क्याला लागत नसे, बाहेर खोल पाण्यात नांगर टाकायची आणि किनाऱ्यावरून पडाव यायचे. बोटीच्या दारात उभं राहायचं, खाली पडाव वरखाली होतोय, मध्ये काळं पाणी. पडावावरचा खलाशी लाटेकडे बघत हात वर करून थांबवायचा. पडाव लाटेवर वर आला की ओरडायचा, “सोड!” आणि वरचा माणूस पोराला सोडायचा. खालच्याने दंडाला धरून अलगद उतरवलेलं असायचं. पोरं, म्हाताऱ्या, ट्रंका, आंब्याच्या पेट्या, कोंबड्या, सगळं असंच उतरायचं. बोट लागून अर्धमेली झालेली आई त्या खलाशाला हात जोडायची. त्या माणसाचं नाव आमच्या घरात कुणालाच माहीत नाही, आणि त्याच्या हातून आमची तीन भावंडं सुखरूप उतरली.

1980 च्या दशकाच्या अखेरीस ही सेवा बंद पडली. त्या बोटींवर काम केलेले तांडेल, सारंग, इंजिनखोलीतले लोक आज सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्याकडे जाऊन बसायला अजून वेळ आहे, पण फार नाही. मंडळाला माझी पहिली विनंती हीच. फलक पुढच्या वर्षी छापा, आधी हे आवाज टिपून ठेवा. ते ज्या बोलीत बोलतील त्याच बोलीत टिपा: कोकणी, मालवणी, मराठी, जे येईल ते. शुद्ध करू नका.

दुसरी गोष्ट रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याची. रापणकारांना बोलावलं होतं, आरंभी नाच करायला. नाच सुंदर झाला. पण त्यांना व्यासपीठावर बसवून बोलतं का केलं नाही? 1970 च्या दशकात ट्रॉलर किनाऱ्यालगत आले आणि रापणीत येणारी मासळी आटली. तेव्हा मातानी साल्ढाणांसारख्या नेत्यांबरोबर हेच लोक रस्त्यावर उतरले. 1980 चा सागरी मासेमारी नियमन कायदा आणि किनाऱ्यालगत पाच किलोमीटरपर्यंत यांत्रिक बोटींना बंदी, हे त्या लढ्याचं फळ. आपल्या पिढीने पाहिलेला हा सागरी इतिहास आहे. तो अजून संपलेला नाही, बंदी धाब्यावर बसवली जाते ही तक्रार आजही कुठल्याही मासळी बाजारात ऐकू येते. ज्यांनी दर्या राखला त्यांना फक्त नाचायला लावणं मला लागलं.

आणि आपलं कसब अजून जिवंत आहे, याचा पुरावा समोर आहे. दिवाडीच्या काठावर बांधलेली ‘म्हादई’ घेऊन दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि पुढे तिच्याचवरून अभिलाष टॉमी कुठेही न थांबता प्रदक्षिणा करून आले. ‘तारिणी’ही दिवाडीचीच, नौदलाच्या सहा मुली 2017-18 मध्ये तिच्यावरून जगाला फेरी मारून परत मांडवीतच आल्या. अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून घडवलेलं ‘कौंडिण्य’ तर एकही खिळा न ठोकता, फळ्या काथ्याने शिवून तयार झालं. केरळातल्या बाबू शंकरन या कारागिराच्या देखरेखीखाली ते गोव्यातच बांधलं गेलं. 29 डिसेंबर 2025 ला ते पोरबंदरहून निघालं आणि जानेवारी 2026 मध्ये मस्कतला पोचलं. शिडावर कदंबांचा गंडभेरुंड, दोन डोक्यांचा पक्षी. इंजिन नाही. मला हे वाचताना ऊर भरून आला.

फळ्या शिवून होडी बांधायची ही रीत आपल्याला परकी नव्हती. आपल्या रापणीच्या होड्या काथ्याने शिवलेल्याच असायच्या. वाळूवर घसटली तरी अशी होडी लवते, लगेच फुटत नाही. बेतीच्या बाजूला मला एक म्हातारे मेस्त, म्हणजे होड्या बांधणारे सुतार, भेटले होते. फळीला भोक कुठे पाडायचं ते त्यांनी अंगठ्याने दाखवलं. काठापासून अंगठ्याच्या पेराएवढं आत. त्याहून जवळ पाडलं तर लाकूड फाटतं, त्याहून लांब गेलं तर सांधा आवळत नाही. मी विचारलं, हे शिकवलं कुणी? म्हणाले, “शिकवतंय कोण, बाय? बापायच्या शेजारी बसून दोरी ओढायची.” त्यांच्या शेजारी बसून दोरी ओढणारं आता कुणी नाही.

म्हणून माझी तिसरी विनंती मंडळाला आहे, आणि मंडळामार्फत महापालिकेला आणि सरकारलाही. मांडवीच्या काठावर कॅसिनोंच्या धक्क्यांना जागा मिळते, मग एक होडी बांधण्यापुरतं छप्पर का मिळू नये? तिथे एक मेस्त, दोन शिकाऊ पोरं आणि वर्षाला एक होडी. शाळेची मुलं येऊन बघतील, रंधा मारून पाहतील. साखळीला विठ्ठलापूरला त्रिपुरारी पौर्णिमेला वाळवंटी नदीत सोडायला पोरं स्वतःच्या हातांनी केवढाल्या देखण्या नावा करतात, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हौस कमी आहे असं म्हणता येणार नाही. हौस आहे, हात आहेत. शिकवणारा आणि शिकणारा एका जागी आणायचे आहेत. काचेच्या पेटीतल्या प्रतिकृतीवर जेवढा खर्च झाला, त्यात या कामाची सुरुवात होऊ शकते.

मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी हे मांडणार आहे. तोवर तुमच्यापैकी ज्यांच्या घरी तारवटीचं पुस्तक, कुडीच्या वर्गणीची पावती, आगबोटीचं तिकीट, जहाजावरून आलेलं पत्र किंवा नुसता एखादा फोटो असेल, त्यांनी तो मंडळाला दाखवा. मूळ कागद हातचा सोडू नका, तिथेच फोटो काढू द्या. आणि आजच फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने लिहून ठेवा: नाव, गाव, वाडा, कुठलं जहाज, काय काम.