लिहिताना कानात संगीत हवंच, असं सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या रविवारी कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेत ताईकडे जेवायला गेले होते. भाची दहावीला आहे. आतल्या खोलीत मराठीचा निबंध लिहीत बसली होती, कानांवर मोठे हेडफोन. दोनदा हाक मारली, तिला ऐकू गेली नाही. खांद्याला हात लावला तशी दचकली आणि म्हणाली, "मावशी, आईने सांगितलंय लिहिताना काढायचे नाहीत."

ताईला विचारलं तर तिने फोनच पुढे केला. तो मेसेज तुमच्याकडेही आला असेल. मला त्याच आठवड्यात चार ग्रुपवरून आला. त्यात असं आहे: शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय की मोझार्ट (अठराव्या शतकातला युरोपीय संगीतकार) ऐकत लिहिल्याने बुद्ध्यांक वाढतो. शांततेत मेंदू सुस्त पडतो, म्हणून मुलांना कधीही शांत खोलीत लिहायला बसवू नका. ४३२ हर्ट्झ हा प्राचीन भारतीय, विश्वाचा मूळ स्वर, कारण ४३२ ही १०८ची चौपट; हल्लीचं ४४० हर्ट्झचं माप नाझींनी लादलेलं. पहाटे मालकंस राग लावल्याने स्मरणशक्ती दुप्पट होते. सगळे मोठे लेखक संगीत ऐकतच लिहीत. आणि शेवटी, हेडफोन झोपतानाही काढू नका, म्हणजे दिवसभर लिहिलेलं पक्कं होतं.

ताई म्हणाली, "इतक्या लोकांनी पाठवलंय, मी काय तिचं वाईट करायला बसलोय का?" तिचा हेतू चांगलाच आहे, म्हणूनच मला जास्त राग आला. मुलांच्या काळजीपोटी आया-बाप काहीही करायला तयार असतात, आणि असले मेसेज त्या काळजीचाच फायदा घेतात. मी बावीस वर्षं मराठी शिकवते आहे. मुलांचं लिखाण कुठे अडतं हे रोज बघते. त्यामुळे सविस्तर लिहिते.

आधी मोझार्टचं बघू. हे खूळ निघालं कुठून? १९९३ साली 'नेचर' नियतकालिकात एका पानाचं टिपण आलं. फ्रान्सिस राउशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉलेजातल्या ३६ विद्यार्थ्यांना एकदा दहा मिनिटं मोझार्टची दोन पियानोंची रचना ऐकवली, एकदा अंग सैल सोडायला सांगणारी ध्वनिफीत, आणि एकदा नुसतं शांत बसवलं. प्रत्येक वेळी त्यानंतर आकृत्यांची कोडी सोडवायला दिली: घडी घातलेला कागद कापला तर उलगडल्यावर कसा दिसेल, अशा जातीची. मोझार्टनंतर गुण बुद्ध्यांकाच्या मापाने आठ-नऊने जास्त आले. तो परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. झालं, एवढंच.

यात शाळकरी मुलं नाहीत. लेखन नाही. पाठांतर नाही. आणि मुख्य म्हणजे काम करताना संगीत चालू नव्हतं. आधी संगीत, मग काम. हे चारही मुद्दे मेसेजमधून गळाले आणि 'सिद्ध केलंय' तेवढं उरलं. १९९८ मध्ये तर अमेरिकेत जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाच्या घरी शास्त्रीय संगीताची सीडी पाठवायला सरकारी पैसे मागितले. पुढे २०१० साली व्हिएन्ना विद्यापीठातल्या संशोधकांनी तोवरचे चाळीसेक प्रयोग, तीन हजारांवर माणसं, एकत्र करून तपासली. मोझार्टमध्ये म्हणून खास काही निघालं नाही. व्हिएन्ना म्हणजे मोझार्टचंच शहर, त्याला कमी लेखण्यात त्यांना काय रस असणार?

यातलं अर्धं सत्य मान्य करते. आवडीचं, उत्साहाचं संगीत ऐकलं की माणूस ताजातवाना होतो आणि थोडा वेळ कामही बरं होतं. पुढच्या प्रयोगांमध्ये असंही दिसलं की ज्यांना संगीतापेक्षा गोष्ट आवडत होती त्यांना गोष्ट ऐकूनही तेवढाच फायदा झाला. तेव्हा लिहायला बसण्याआधी भाचीने दोन गाणी ऐकावीत, खुशाल ऐकावीत. माझं भांडण आहे ते 'लिहिताना' या शब्दाशी.

कारण नेमक्या या प्रश्नावर काम झालेलं आहे. सारा रॅन्सडेल आणि ली गिलरॉय यांनी २००१ मध्ये आपला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी कॉलेजच्या ४५ विद्यार्थ्यांना संगणकावर छोटे निबंध लिहायला दिले. मागे संगीत चालू होतं, पण विद्यार्थ्यांना त्याला कसलाही प्रतिसाद द्यायचा नव्हता. टायपिंगचा वेग ज्याचा-त्याचा वेगळा असतो, तो हिशेबातून वजा करून मिनिटाला किती शब्द सुचून उतरतात ते मोजलं. संगीत असताना लिखाणाचा ओघ तुटला. प्रतिसाद द्यायचा नसूनही तुटला. ज्यांना मेसेजमधला 'शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय' हा शब्दप्रयोग आवडतो, त्यांनी हा अभ्यास वाचावा. कोड्यांवरून निबंधाचं अनुमान काढण्यापेक्षा निबंधावरचाच प्रयोग बघितलेला बरा.

असं का होतं, ते मी वर्गात रोज बघते. वाक्य कागदावर येण्याआधी ते आत ऐकू येतं. आपण ते मनात म्हणतो, थोडं धरून ठेवतो, मग हात चालतो. हे धरून ठेवण्याची जागा फार लहान असते. मानसशास्त्रज्ञ ॲलन बॅडली यांनी १९७०च्या दशकापासून हाच विषय अभ्यासला. शब्द ऐकू आले की, नको असले तरी, ते त्या जागेत घुसतात, हे त्यांच्या आणि इतरांच्या चाचण्यांमध्ये पुन्हा पुन्हा दिसलं आहे. गायलेलं गाणं नुसत्या वाद्यांपेक्षा जास्त अडथळा करतं. गाणं आवडीचं असलं तर चालेल, असंही नाही. २०११ मधल्या एका चाचणीत आवडीच्या आणि नावडीच्या गाण्यांनी क्रम लक्षात ठेवण्याच्या कामात सारखीच अडचण केली.

मराठीत तर हे जास्तच नडतं, असं माझं अनुभवाने झालेलं मत आहे. आपलं क्रियापद शेवटी येतं. वाक्य लांबलं तर सुरुवातीचा कर्ता, त्याचं लिंग, वचन हे सगळं पार शेवटपर्यंत मनात धरावं लागतं, तेव्हा कुठे 'होता' की 'होत्या' हे ठरतं. मध्ये कोणी कानात बोललं की हातातला धागा सुटतो.

भाचीचा त्या रविवारचा निबंध माझ्यासमोर आहे. विषय रंकाळ्यावरची एक दुपार. मोझार्टचा तिला कंटाळा आला म्हणून ताईने जुनी मराठी गाणी लावून दिली होती. अर्ध्या तासात अकरा ओळी. एक वाक्य दोनदा लिहिलेलं. 'काठावर बसलेल्या, मक्याची कणसं भाजणाऱ्या म्हाताऱ्या बायका गिऱ्हाइकाची वाट बघत होता.' आणि दुपारच्या निबंधात चौथ्या ओळीला चांदणं पडलेलं. ते कुठून आलं विचारलं तर तिलाच कळेना. मग आम्ही दोघींनी लावलेल्या गाण्यांची यादी बघितली, तेव्हा गाण्यातून आलं होतं हे सापडलं. या मुलीला वर्षभर मी लिहायला शिकवलंय. ती 'बायका होता' लिहिणारी नाही. त्या अकरा ओळी बघून तिचे डोळे भरून आले, 'मला आता लिहिताच येत नाही' म्हणाली. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांना हे दिसत नाही. परीक्षेच्या वर्षातल्या मुलीचा स्वतःवरचा विश्वास गेला, तर तो कुठल्या हर्ट्झने परत आणायचा?

सोमवारी तिने तोच विषय हेडफोनशिवाय लिहिला. दीड पान झालं. एका मुलीच्या दोन दिवसांवरून काही सिद्ध होत नाही, दुसऱ्यांदा लिहिताना सोपंही जातं. पण त्या बायका दुसऱ्या दिवशी वाट 'बघत होत्या', हे नक्की.

शांततेत मेंदू सुस्त पडतो म्हणे. बोर्डाचा मराठीचा पेपर तीन तासांचा, ८० गुणांचा. तिथे हेडफोन नाहीत, पंख्याचा आणि पानं उलटल्याचा तेवढा आवाज. ज्या मुलाला वर्षभर शांततेची धास्ती घातली, त्याने तिथे काय करायचं? उलट सराव तशाच शांततेत व्हायला हवा. आपल्याकडे करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे. पिढ्यान्‌पिढ्या माणसं शांत जागा शोधत वाचनालयांत जाऊन बसली, ती काय सुस्त पडायला?

हो, एक गोष्ट मात्र ताईच्या बाजूने बोलली पाहिजे. तिच्या गल्लीत खरी शांतता मिळते कुठे? तालमीच्या मंडळाचा ताशाचा सराव, समोरच्या घरातली मालिका, मिरवणुकीच्या दिवसांत खिडक्या थरथरवणारा डॉल्बी. बाहेर माणसं बोलत असतील तर ते बोलणं गाण्याइतकंच, किंबहुना जास्त, नडतं. अशा वेळी एकसुरी आवाज, तानपुरा किंवा नुसता पंखा, हळू लावून बाहेरचे शब्द झाकले तर मी नको म्हणणार नाही. आकृत्या काढताना, वही उतरवून काढताना गाणं चाललं तरी काही बिघडत नाही. पण तो आडोसा झाला, त्याला बुद्धीचं औषध म्हणू नका.

४३२ हर्ट्झवर फार वेळ घालवण्यासारखं काही नाही. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं. सेकंद माणसाने ठरवलेला. दिवसाचे तुकडे आपण वेगळे पाडले असते तर त्याच स्वराचा आकडा वेगळा आला असता. मग ४३२ ही १०८ची चौपट, यात विश्वाचं गुपित कसलं? हल्ली वाद्यं जुळवतात ते ४४० हर्ट्झचं माप नाझींनी लादलं हेही खोटं. अमेरिकेत ते आधीपासून वापरात होतं आणि १९३९ साली लंडनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यावर एकमत झालं. आणि आपल्या संगीतात तर 'सा' कुठल्याही आकड्याला बांधलेलाच नाही. गाणारा आपल्या गळ्याप्रमाणे सूर लावतो. पुरुष साधारण हार्मोनियमच्या काळी एकच्या आसपास, बायका काळी चार-पाचच्या. मग 'प्राचीन भारतीय ४३२' ही वस्तू आली कुठून?

मालकंसाचं वाचून मला खरोखर वाईट वाटलं. मालकंस रात्रीचा राग, उत्तररात्रीकडे झुकलेल्या वेळेचा. तो पहाटे वह्या उघडून बसलेल्या मुलांच्या मागे लावून ठेवायचा? आणि हा मेसेज कोल्हापुरात फिरावा? शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना ज्या गावी दरबारगायक म्हणून मानाने ठेवलं, तिथे? त्यांच्या जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी ऐकणं हेच एक काम आहे. जोडरागातला कुठला सूर कोणत्या रागाचा, तान लयीला कशी गुंफून समेवर येते, हे पकडायला ऐकणाऱ्याला सगळं लक्ष तिथे ओतावं लागतं. लहानपणी वडील मला देवल क्लबच्या गाण्याच्या बैठकीला घेऊन जायचे. मी एकदा तिथे वही काढून घरचा अभ्यास करायला लागले. वडिलांनी काही न बोलता वही मिटली आणि पिशवीत ठेवली. घरी येताना एवढंच म्हणाले, "दोन्हींतलं एक कर." त्यांनी कुठलाही अभ्यास वाचलेला नव्हता. गाणं बाजूला वाजत ठेवायची गोष्ट नाही, हे त्यांना ऐकून-ऐकून कळलं होतं. स्मरणशक्ती दुप्पट करणारा राग कुठलाही नाही. चांगला शिक्षक, उजळणी आणि झोप, इतकंच मला माहीत आहे.

'सगळे मोठे लेखक' हेही असंच. काही लेखक संगीत लावून लिहितात, खरं आहे. अमेरिकेचे स्टीफन किंग दणदणीत रॉक लावून लिहायचे, त्यांनी स्वतःच सांगितलंय. पण कारण सांगताना ते म्हणतात की तो दार बंद करण्याचा एक प्रकार आहे. म्हणजे पुन्हा आडोसाच. दुसरीकडे फ्रान्सच्या मार्सेल प्रूस्त यांनी आवाज येऊ नये म्हणून झोपायच्या खोलीच्या भिंतींना बुचाच्या लाकडाचं अस्तर लावून घेतलं होतं. आणि आपल्या कोल्हापुरात राहिलेले वि. स. खांडेकर, मराठीतले पहिले ज्ञानपीठ विजेते: उतारवयात दृष्टी गेल्यावर ते सांगायचे आणि लेखनिक उतरवून घ्यायचा. ज्याला लिहिलेलं पुन्हा डोळ्यांनी बघता येत नाही, त्याला अख्खं वाक्य आतल्या कानावरच तोलावं लागतं. त्या कानात दुसरं काही वाजत ठेवून हे जमलं असतं, असं मला वाटत नाही.

राहिला झोपताना हेडफोन लावायचा सल्ला, आणि तो सगळ्यांत धोक्याचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापदंडाप्रमाणे मुलांसाठी ७५ डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास, ही मर्यादा आहे. आवाज जितका मोठा, तितके तास झपाट्याने कमी होतात. दिवसा चार तास लिहिताना आणि रात्री सात-आठ तास झोपेत, असं धरलं तर चार दिवसांतच ते ४० तास संपतात. गल्लीतला गोंगाट झाकायला आवाज वाढवलेला असतोच. कानाच्या आतल्या ज्या केसासारख्या पेशी मोठ्या आवाजाने मरतात, त्या माणसात पुन्हा उगवत नाहीत. आणि दिवसाचा अभ्यास पक्का होतो तो झोपेतच, त्यासाठी ती झोप न मोडता लागायला हवी. भाचीने दोन रात्री तसं करून बघितलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी कानात शिट्टी वाजतेय म्हणाली, तेव्हा ताई घाबरली. शिट्टी संध्याकाळपर्यंत थांबली. तरी कानाच्या डॉक्टरांना दाखवून घ्या, असं मी तिला सांगितलंय, आणि बुधवारी मी सोबत जाणार आहे.

लिहायचं टेबल आता मागच्या खोलीत, हौदाकडच्या खिडकीपाशी हलवलंय. मालिका लागायच्या आत निबंध उरकायचा, असं दोघींचं ठरलंय. मेसेज ताईने अजून ग्रुपवरून काढलेला नाही. तिथे मी हे सगळं टाकणार आहे, आणि ज्या काकांनी तो पहिल्यांदा पाठवला त्यांना उद्या फोनही करणार आहे, कारण त्यांची नात पुढच्या वर्षी दहावीला आहे.