‘टेप गुंडाळा, प्लग लावा’ हा सल्ला मानू नका

लायनेल या अमेरिकन कंपनीच्या जुन्या विजेवर धावणाऱ्या खेळगाड्यांबद्दल एक सल्ला सगळीकडे फिरतोय: “त्या काळचे ट्रान्सफॉर्मर दणकट. वायर तडकली असेल तर टेप गुंडाळा, प्लग लावा. दिवा लागला की झालं. आत सर्किट ब्रेकर आहेच.” आजोबांची गाडी नातवंडांसमोर धावावी म्हणून धडपडणारी माणसंच यावर विश्वास ठेवतात, याचं मला फार वाईट वाटतं.

दणकट? लोखंडी गाभा आणि तांब्याची गुंडाळी, हो. वायरीवरचं रबर नाही. ते वरून तडकलेलं दिसतं तेव्हा खोक्याच्या आतही कडक होऊन गळायला आलेलं असतं. टेप तिथे पोचत नाही. अख्खी वायर बदला.

दिवा लागला म्हणजे वीज वाहतेय, एवढंच. प्लग काढून मल्टिमीटर सर्वांत वरच्या ओहम रेंजवर ठेवा. एक टोक प्लगच्या पिनेला, दुसरं रुळाकडे जाणाऱ्या स्क्रूला. काहीही आकडा आला तर तो ट्रान्सफॉर्मर वापरू नका.

सर्वांत घातक भरवसा ब्रेकरवरचा. १९४८ साली आलेल्या झेडडब्ल्यू या लायनेलच्या ट्रान्सफॉर्मरला ए, बी, सी, डी असे चार स्वतंत्र आउटपुट आहेत, पण ब्रेकर फक्त चौघांच्या सामाईक परतीच्या वायरीवर, म्हणजे यूवर. समजा, रुळाचा एक भाग एवर १८ व्होल्टला चालतोय, दुसरा बीवर १० ला. इंजिन एका भागातून दुसऱ्यात जाताना त्याचे वीज घेणारे रोलर दोन्ही भागांचे मधले रूळ जोडतात. तो प्रवाह यूमधून जातच नाही, ब्रेकरला पत्ताही लागत नाही, आणि गुंडाळी तापते. प्रत्येक आउटपुटला वेगळा फ्यूज लावा, खर्च किरकोळ आहे.

खोकं उघडलंच आहे तर गुंडाळीवर फिरून व्होल्ट कमी-जास्त करणारे कार्बनचे रोलर पाहा. खड्डे पडले असतील तर नवे बसवा. गुंडाळीची उघडी बाजू अल्कोहोलने पुसा. स्टील वूल मात्र नको, त्याचे तंतू वेढ्यांमध्ये अडकून शॉर्ट करतात.

हा ट्रान्सफॉर्मर अमेरिकेहून भारतात आणणाऱ्यांनाही “स्टेप-डाउन (व्होल्ट उतरवणारा ट्रान्सफॉर्मर) लावा, पुरे” असंच सांगतात. हे यंत्र ११५ व्होल्ट, ६० हर्ट्झचं. स्टेप-डाउन व्होल्ट उतरवतो, हर्ट्झ ५०च राहतात, आणि गाभा जास्त तापतो. ५० हर्ट्झवर या यंत्राला ९६च्या आसपास व्होल्ट हवेत. १०० व्होल्टचा स्टेप-डाउन मिळाला तर तोच घ्या.