“त्यापेक्षा स्वतःचं घर घ्या”: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

मुंबईत टॉवरमधला रिनोव्हेट केलेला टू बीएचके भाड्याने घेताना काय काय तपासावं, यावर मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही चार गोष्टी म्हणालात. भाडेकरारावरच्या स्टॅम्प ड्युटीचा हिशेब अपुरा आहे. ओलीची जबाबदारी अ‍ॅग्रीमेंटमध्ये लिहिलेली नसेल, तर घरमालकाला बोल लावू नये. त्याने लाखो रुपये घालून घर नवं केलंय, तर तो जास्त भाडं मागणारच. आणि शेवटचं वाक्य: “दुसऱ्याच्या घरात राहायचं आणि त्याच्या टाइल्सना नावं ठेवायची, त्यापेक्षा स्वतःचं घर घ्या.”

हिशेबाचं मान्य. ०.२५ टक्के ड्युटी नुसत्या भाड्यावर नसते, परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरून तेही मिळवतात. मी ते लिहिलं नव्हतं. साठ हजार भाडं, तीन लाख डिपॉझिट आणि अकरा महिने धरले तर फरक सत्तरेक रुपयांचा येतो. पण चूक ती चूक, लेखात दुरुस्ती केली आहे.

आता ते शेवटचं वाक्य. ते वाचून मी रात्रभर अस्वस्थ होतो.

माझे वडील गिरणी कामगार. लालबागच्या चाळीत आमची एक खोली होती. १९८२ च्या संपानंतर पगार थांबला आणि पुढे ती खोलीही गेली. तेव्हापासून आमचं कुटुंब भाड्याच्या घरात आहे. डोंबिवली, दिवा, पुन्हा डोंबिवली, मग मालाड, आता कांदिवलीत एकोणिसावा मजला. स्वतःचं घर घ्या हे मला कुणी सुचवायची गरज नाही हो. आई गेली तेव्हा तिच्या उशाखाली म्हाडाच्या जुन्या अर्जांच्या पावत्या होत्या. तुम्ही ते वाक्य अर्ध्या मिनिटात टाइप केलं असेल. ते लिहिण्याआधी समोरच्या माणसाचं आयुष्य काय असेल, एवढा विचार करायला हवा होता.

आणि टाइल्सना मी नावं ठेवली नाहीत. त्यांच्याखाली काय आहे ते बघा म्हणालो, आणि ते मी मालाडच्या घरात शिकलो. चकचकीत टू बीएचके होता. मॉड्युलर किचन, पीओपीचं छत, दोन्ही बाथरूमना नव्या टाइल्स. त्या टाइल्स जुन्या टाइल्सवरच चिकटवल्या होत्या. आतलं वॉटरप्रूफिंग कुणी उकरलंच नव्हतं. वर आणखी एक थर आल्याने बाथरूमची जमीन उंच झाली, उंबरा नावापुरता उरला आणि पाणी नहाणीच्या जाळीकडे जायच्या ऐवजी दाराकडे यायचं. चौथ्या महिन्यात मुलीच्या खोलीतल्या वॉर्डरोबच्या मागून कुबट वास यायला लागला. फळी काढली तर मागे भिंतभर काळी बुरशी, रंगाचे पोपडे आणि आत वडिलांच्या गिरणीच्या कागदांचा लगदा. मुलीचा खोकला पुढे दीड महिना गेला नाही. घर सोडताना घरमालकाने त्याच भिंतीच्या रंगाचे म्हणून डिपॉझिटमधून ३८ हजार कापले.

त्यानंतर मी घर बघायला जातो तेव्हा बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओततो आणि ते कुठे वाहतं ते बघतो. नाण्याने टाइल्स ठोकतो, आवाज पोकळ आला तर एजंटला विचारतो. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर पंजा ठेवतो. एजंट तोंड वाकडं करतात. तुम्हीही केलंत.

“दुसऱ्याच्या घरात” हा शब्द मला खटकला तो एवढ्यासाठी. अकरा महिन्यांचं लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीपुरता घर वापरायचा करार, संपल्यावर मी घर सोडलं नाही, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २४ प्रमाणे दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याच कायद्याचं कलम ५५ करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी घरमालकावर टाकतं, आणि करार नोंदवलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतं, घरमालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. म्हणजे कायद्याच्या लेखी मी त्या घरात कुणीतरी आहे. तुमच्या लेखी मात्र मी गप्प राहून पैसे भरणारा पाहुणा. महिन्याला साठ हजार मोजणाऱ्याने कोरडी भिंत मागितली, तर त्यात उद्धटपणा कसला?

अ‍ॅग्रीमेंटमध्ये ओलीचा उल्लेख हवा, हा तुमचा मुद्दा मी वाचला. त्यावर कधीतरी वेगळं लिहीन, इथे विषय तो नाही. जास्त भाड्याबद्दलही वाद घालत नाही, ज्याला परवडतं तो देतो. मी देतोय.

तुमची प्रतिक्रिया काढून टाकलेली नाही, काढणारही नाही. पुन्हा लिहायचं असेल तर जरूर लिहा, पण लेख पूर्ण वाचून. मालाडच्या त्या भिंतीचे फोटो माझ्याकडे तारखेसकट आहेत. हवे असतील तर सांगा, आजच पाठवतो.